डोक्यावरचा हात

चर्चमध्ये दर वर्षी जॅझच्या मैफिलींचा मोसम असतो. सहा शनिवार, सहा मैफिली. त्याचं पत्रक तपासायचं काम गेली दहा वर्षं तिच्याकडे होतं. घरचंच काम. बँडचे पुढारी तिचे बाबा आणि ती छापखान्यात प्रूफं वाचणारी. घरात न्हावी असताना दाढीला बाहेर कशाला जा, असं बाबा म्हणायचे. ती लाल पेन घेऊन बसायची, ते शेजारी ट्रम्पेटच्या कळांना तेल घालत बसायचे, आणि तिने एखाद्या शब्दावर काट मारली की मान लांब करून विचारायचे, "आता काय पाप केलं त्याने?"

यंदाच्या पत्रकात पहिल्या शनिवारपुढे एक जादा ओळ होती. 'कॅप्टनच्या आठवणीत.' बँडमध्ये त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. दिवसा ते पाण्याचे मीटर तपासत हिंडायचे, तिथे त्यांना कुणी काहीच म्हणत नसे. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते.

चर्चच्या फादरांनी फोन करून आणखी एक काम तिच्या गळ्यात घातलं. "पहिल्या संध्याकाळी तू दोन मिनिटं बोल," ते म्हणाले. "शेवटच्या दिवसांबद्दल बोललीस तरी चालेल. लोक विचारतात गं. एवढा माणूस एकदम दिसेनासा झाला, कसा गेला, त्रास झाला का. तू सांगितलंस तर त्यांनाही बरं वाटेल."

"मला भाषण येत नाही, फादर."

"मलाही येत नव्हतं. तीस वर्षं निभावलं."

ती हो म्हणाली. काय सांगायचं ते तिच्याजवळ तयार होतं. पाच महिन्यांत तिने ते इतक्या जणांना सांगितलं होतं की चार वेळा तपासून झालेल्या मजकुरासारखं ते गुळगुळीत झालं होतं. छातीचं दुखणं, घशात नळी, त्यामुळे बोलता येत नव्हतं. गुरुवारी दुपारी डोकं फार दुखत होतं, सारखा हात डोक्याकडे जायचा. पण ते तिच्या वेळेवर लक्षात आलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ते शांत झाले. पुढच्या बुधवारी गेले. शेवटी त्रास नव्हता. ऐकणारा म्हणायचा, तू होतीस म्हणून.

या मजकुरात दादा नव्हता. तो तिने वगळला होता.

दादा दुसऱ्या गावी असतो, दोन तासांवर. त्याच गुरुवारी तो आला होता. डॉक्टरांनी सकाळीच दोन वाटा पुढे ठेवल्या होत्या, तिने त्या फोनवर दादाला कळवल्या होत्या: नळी ठेवून आणखी आठवडाभर प्रयत्न करायचा, नाहीतर नळी काढून घरी न्यायचं आणि जमेल तितकं सुखात ठेवायचं. तुम्ही ठरवा, पेशंट शुद्धीवर आहे तोवर ठरवा. संध्याकाळी दादा बाबांना भेटून वॉर्डाबाहेर आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "घरी नेऊया त्यांना." ती आत जाऊन आली. बाबांचा हात चादरीवर होता, कपाळाच्या आठ्या गेल्या होत्या. ती दादाला म्हणाली, "डोकं आत्ता कुठे थांबलंय. माणूस सुधारतोय आणि तू घरी न्यायचं म्हणतोस?" मग ती म्हणाली, "तुला परतीची गाडी गाठायची असेल तर जा. मी आहे."

तो गेला. बुधवारी परत आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर दोघं बोलत होती ती कागदपत्रांपुरती.

बँडने तालमीला बोलावलं ते बाबांच्या फायली हव्या होत्या म्हणून. त्यांनी स्वतः बांधलेल्या आठ-दहा चाली होत्या, प्रत्येकाच्या वाद्यासाठी वेगळ्या कागदावर लिहून ठेवलेल्या. पहिल्या शनिवारी त्याच वाजवायच्या असं ठरलं होतं. ती फायली पिशवीत घालून आणि पत्रकाचं शेवटचं प्रूफ घेऊन दुपारी चर्चमध्ये पोचली. इतक्या वर्षांत तालमीला ती पहिल्यांदाच येत होती. मैफिलीला मात्र नेमाने यायची, मागून तिसऱ्या बाकावर, खांबाच्या आडोशाला.

रिकाम्या चर्चमध्ये आवाज फार वेळ राहतो. म्हणून त्यांनी भिंतीला जुने गालिचे टांगले होते, आणि ड्रमवाला काठ्यांऐवजी तारांचे कुंचले घेऊन बसला होता. पियानोवाले काका कोट न काढताच वाजवत होते. डबलबासवाला नेहमीसारखा डोळे अर्धे मिटून. बाबांच्या जागी सॅक्सोफोनवाली उभी होती. ती दातांच्या दवाखान्यात कामाला आहे आणि तिथला पांढरा डगला तसाच अंगावर ठेवून आली होती. तिला आता पुढारी केलं होतं, आणि ते तिला जड जातंय हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

"ताई, बसा ना. एवढं एक संपवतो," ती म्हणाली.

ती बसली, या वेळी पहिल्या बाकावर. जॅझमध्ये आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग एकेक जण पाळीपाळीने त्या चालीवर जागच्या जागी आपलं काहीतरी रचत जातो. त्यात तो मूळ चालीपासून इतका लांब जातो की नवख्याला वाटावं, हा रस्ता चुकला. शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात आणि संपवतात. त्या मूळ चालीला या बँडमध्ये 'डोकं' म्हणतात. इंग्रजीतला शब्द बाबांनी पहिल्याच वर्षी सोलून मराठी करून टाकला होता. घरात तो तिच्या कानावरून रोज जायचा. डोकं बरं आहे पण धड सापडत नाही, असं ते एखाद्या नव्या चालीबद्दल पुटपुटायचे.

काकांची पाळी झाली, बासची झाली. मग सॅक्सोफोनवालीने वाजवता वाजवता एक हात मोकळा केला, उपडा तळवा डोक्यावर ठेवला आणि दोनदा थापटला. हात तिथेच ठेवून तिने एकेकाकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. बासवाल्याने हलवली. ड्रमवाल्याने हलवली. तेव्हा तिने हात खाली घेतला, आणि पुढच्या फेऱ्याला सगळे मूळ चालीवर आले. मग संपलं.

ती बाकावर बसून राहिली. मांडीवरची पिशवी घसरली ती तिला सावरावीशी वाटली नाही. बाबांच्या फायली फरशीवर पसरल्या आणि ड्रमवाल्याने धावत येऊन गोळा केल्या.

पाणी प्यायला सगळे बाजूच्या खोलीत गेले. काका पियानोपाशीच थांबले, तिने आणलेले कागद उलटून बघत. ती त्यांच्याजवळ गेली.

"काका, ती डोक्यावर हात ठेवते ते काय असतं?"

"ते होय? डोक्यावर या. म्हणजे प्रत्येकाचं पुरे झालं, आता मूळ चाल धरा आणि संपवा. भर वाजवताना तोंडाने कसं सांगणार? तुझ्या बाबांच्या तर तोंडात ट्रम्पेट."

"बाबा पण करायचे?"

"त्यांच्याकडूनच शिकली ती. तू दहा वर्षं बघतेयस की."

"मला वाटायचं टकलावरचा घाम पुसतात."

काका मनापासून हसले. "हे त्यांना सांगायला हवं होतं. अगं, एकदा आमचा जुना ड्रमवाला डोळे मिटून जो सुटला, तो थांबेचना. तुझे बाबा हात ठेवून उभे. एक फेरा झाला, चार झाले, नऊ झाले. लोकांना वाटलं, माणूस संसाराला कंटाळून डोक्याला हात लावून उभा आहे. शेवटी मी उठून त्याच्या पाठीत धपका घातला."

"पण त्यांनी हात खाली का नाही घेतला?"

"घ्यायचा नसतो. सगळ्यांनी मान हलवेपर्यंत हात तिथेच. एकाने जरी पाहिलं नाही तर चौघं एकीकडे, पाचवा भलतीकडे. आणि मान हलवली की हात खाली. मग पुढारी पुन्हा वळून बघत नाही. मान हलवली म्हणजे शब्द दिला." कागद ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "का गं? अशी का दिसतेस?"

तिने सांगितलं. उभ्या उभ्याच, आवाज न चढवता, जसं घडलं तसं. गुरुवारी बारा वाजता बाबांनी उजवा हात उचलला. डाव्या हाताला सुया होत्या. तळवा डोक्यावर ठेवला आणि दोनदा थापटला. तिने विचारलं, डोकं दुखतंय? त्यांनी डोळे मिटले. ते तिने 'हो' धरलं. नर्स आली, म्हणाली, आजोबा, किती दुखतंय ते बोटांनी दाखवा. त्यांनी मान आडवी हलवली आणि हात पुन्हा डोक्यावर ठेवला. ती नर्सला म्हणाली, त्यांना प्रश्न कळला नसेल. मग डॉक्टर आले. यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढले, त्यात काही निघालं नाही. तरी इंजेक्शन लिहून दिलं आणि तिला बाहेर थांबायला सांगितलं. तोवर चार वाजले होते. चार तास तो हात वर जात होता. दुखेल म्हणून ती तो धरून खाली ठेवत होती.

काकांनी एक कागद उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"मी तिथे नव्हतो," ते म्हणाले. "आजारी माणसाचं डोकं दुखूही शकतं."

"थापटलं होतं, काका. दोनदा. धरलं नव्हतं."

बाजूच्या खोलीतून ड्रमवाल्याचं हसणं आलं. काकांनी पियानोचं झाकण अलगद खाली केलं, आणि तालीम संपली नव्हती हे लक्षात येऊन पुन्हा वर केलं.

"दादाला बोललीस?"

"नाही."

"तो म्हणत होता ना, घरी न्यायचं."

हे काकांना कसं ठाऊक, असा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही.

पुढचे तीन दिवस ती कामावर जात राहिली. छापखान्यात तिच्याकडे एका शब्दकोशाची प्रूफं होती, आणि शब्दकोशात माणसाला लपायला भरपूर जागा असते. पण दुपारी पेन खाली ठेवलं की सगळं परत यायचं. तिच्या धंद्यात एक साधा नियम आहे, नव्या मुलींना तो तीच शिकवते: लेखकाने समासात केलेली खूण कळली नाही तर अंदाज बांधायचा नाही. शेजारी प्रश्नचिन्ह टाकायचं आणि लेखकाला विचारायचं. अठरा वर्षं ती खुणा वाचून पोट भरत होती. बाबांना तिने एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तरही तिनेच दिलं होतं. दुसरं काही सांगायचंय का, एवढं तिने विचारलं असतं तरी चाललं असतं. नळीचं? घराचं? दोन बोटं दाखवून एक-दोन करता आलं असतं. हे सगळं आता सुचत होतं.

आणि तो बुधवार. भेटीची वेळ संपल्यावर, पडद्याआड, यंत्रांच्या आवाजात. घरी त्यांची खोली लावलेली होती. रेडिओ खिडकीत होता.

फादरांना द्यायची दोन मिनिटं तिने लिहायला घेतली. 'गुरुवारी त्यांचं डोकं फार दुखत होतं' एवढं लिहिलं आणि त्यावर तिने आडवी काट मारली. खाली दुसरं काही सुचेना.

मंगळवारी रात्री तिने ठरवलं. दादाला जाऊन सांगायचं की तुझं बरोबर होतं. फोनवर नाही, समोर बसून. तो काय म्हणायचं ते म्हणो. बुधवारी तिने रजा टाकली आणि सकाळची बस पकडली.

बस गावाबाहेर पडल्यावर तिच्या मनात आलं की दादा स्वतः तीन वर्षं त्या बँडमध्ये होता. एकोणीस ते बावीस, क्लॅरिनेट. मग एका तालमीला बाबा सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, कान घरी विसरून आलास का. त्याने वाद्य पेटीत घातलं ते घातलंच. पंचवीस वर्षं झाली त्याला. ही खूण तेव्हा नसेलही, ती स्वतःला म्हणाली. नंतर सुरू झाली असेल. आणि तिने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. काउंटरवर वहिनी होत्या. एका गृहस्थांच्या नाकावर फ्रेम बसवून, हाताचं अंतर ठेवून त्या निरखत होत्या.

"आज कशी वाट चुकलात?" त्या म्हणाल्या, आणि गृहस्थांना, "ही नको काका, यात तुम्ही रागावल्यासारखे दिसता."

"डोळे तपासायला आले."

"नातेवाइकांना सवलत नाही हं आमच्याकडे." वहिनींनी तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि थट्टा तिथेच सोडली. "मागे आहे तो. जा. जेवूनच जायचंय, सांगून ठेवते."

मागच्या लहान खोलीत दादा दिव्याखाली बसला होता, समोर सुट्या काचांच्या पाकिटांची रांग. एका चष्म्याच्या दांडीचा स्क्रू तो बसवत होता, मोहरीएवढा. त्याने मान वर केली. "ठमे," तो म्हणाला. लहानपणापासूनचं नाव, गेल्या पाच महिन्यांत त्याने ते वापरलं नव्हतं. "काय गं? काही सही राहिली का?"

"नाही." ती समोरच्या स्टुलावर बसली. वाटेत तिने पाच वाक्यं ठरवली होती, ती बोलून टाकली. "दादा, तुझं बरोबर होतं. त्यांना घरी यायचं होतं. गुरुवारी ते मला तेच सांगत होते आणि मला वाटलं डोकं दुखतंय. मला माफ कर असं म्हणायला आले नाही, माफ करण्यासारखं नाही ते. पण तुला कळायला हवं."

दादाने स्क्रू फिरवला. तो नीट बसला नाही. काढून पुन्हा लावला.

"कुणी सांगितलं तुला?"

"तालमीला गेले होते. सॅक्सोफोनवालीने हात ठेवला डोक्यावर."

"हं."

त्या 'हं'मध्ये आश्चर्य नव्हतं. बाहेर वहिनी गृहस्थांना चष्म्याबरोबर मिळणारं फडकं कसं वापरायचं ते समजावत होत्या.

"तुला माहीत होती ती खूण," ती म्हणाली.

"तीन वर्षं मान हलवली मी त्या खुणेला."

"तू आत गेलास तेव्हा त्यांनी केली?"

"मी खुर्ची ओढायच्या आधीच."

"आणि तू बाहेर येऊन मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं. घरी नेऊया म्हणालो."

"का ते नाही सांगितलंस."

दादाने चष्मा हलकेच खाली ठेवला. "का ते सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," तो म्हणाला. "लगेच. मी ओळखतो तुला. मग नळी काढायची, ती माझ्या सांगण्यावरून. माझ्या एकट्याच्या. आणि खूण चुकीची वाचली असली तर? खरंच डोकं दुखत असलं तर? त्यांचं न् माझं पटत नव्हतं हे सगळ्या जगाला ठाऊक. लोक म्हणाले असते, मुलाने उरकून घेतलं. काकांना फोन केला होता मी त्या रात्री. त्यांना म्हटलं, घरी न्यावं असं वाटतं. खुणेचं त्यांनाही नाही बोललो."

ती ऐकत होती. तिच्या मनात राग यायला हवा होता, तो अजून वाटेत होता. त्याच्याआधी दुसरंच काहीतरी आलं, एक हिशोब न जुळल्यासारखं.

"दादा, पण त्यांचा हात खाली होता. तू बाहेर आल्यावर मी आत गेले तेव्हा. चार तास वर जाणारा हात, तो शांत पडला होता. इंजेक्शनने."

दादाने काचांच्या पाकिटांची रांग सारखी केली.

"इंजेक्शनने ना?"

"इंजेक्शन तेव्हा दिलं नव्हतं, ठमे. ते नर्सने मी निघताना दिलं. ट्रे घेऊन उभी होती ती, मी उठायची वाट बघत."

खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. ती सवयीने शेवटची ओळ वाचत राहिली. वाचता येत होती.

"मी मान हलवली," दादा म्हणाला. "हात बघितला आणि मान आपोआप हलली. पंचवीस वर्षांनी. त्यांनी हात खाली नाही घेतला. दाराकडे पाहिलं. काचेतून तू दिसत होतीस, पाठमोरी, फोनवर. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणजे ती? ती काय म्हणते? सगळ्यांनी हलवावी लागते ना. तर मी पुन्हा हलवली. तुझ्या वतीने." त्याने नाक चिमटीत धरलं, जिथे चष्मा बसतो तिथे. "मग घेतला खाली. हसले थोडे. नळीमुळे हसता येत नव्हतं, पण हसले."

आता राग पोचला. तो मोठा नव्हता, पण त्याला बरोबर जागा सापडली होती. सहा दिवस. त्या सहा दिवसांत त्यांनी एकदाही डोक्याकडे हात नेला नव्हता, आणि ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, बघा, आता दुखत नाही. ते दुखणं थांबलं म्हणून शांत नव्हते. दोघांनी शब्द दिला होता म्हणून शांत होते. एकाने दिला तो दुसऱ्याला न विचारता, आणि गाडी गाठली.

"मी जा म्हटलं आणि तू गेलास," ती म्हणाली.

"हो."

"तुला थांबता आलं असतं. भांडता आलं असतं माझ्याशी."

"आलं असतं." त्याने मान वर केली नाही. "खरं सांगू? तू गाडीचं बोललीस ना, तेव्हा मला तुझा राग आला नाही. सुटलो असं वाटलं. तू नाही म्हणालीस, म्हणजे आता माझ्याकडे काही नाही. बसमध्ये झोप लागली मला."

ती त्याच्या हातांकडे बघत होती. बाबांचेच हात, रुंद, बोटांची टोकं चपटी. माफी मागायला म्हणून ती दोन तास बसमध्ये बसून आली होती आणि आता मागायची कुणी, द्यायची कुणी, सगळंच विस्कटलं होतं. त्याने निदान खूण वाचली. तिने वाचलीच नाही. पण तिने वाचली नाही हे तिला माहीत नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं. यातलं कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना. आणि ते हसले होते, हे ऐकून कुठेतरी तिला बरं वाटलं होतं, त्याचीही लाज वाटत होती.

"फादरांनी मला पहिल्या शनिवारी बोलायला सांगितलंय," ती म्हणाली. "त्यांचे शेवटचे दिवस. काय सांगू?"

"सांग की त्रास नव्हता. ते खोटं नाही."

"का नव्हता म्हणू? इंजेक्शनने, की तुझ्या मानेने?"

दादाने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पुन्हा ठेवला. "नको सांगू ते. काय मिळणार आहे कुणाला? लोक गाणं ऐकायला येतात. दोघांत राहू दे."

"दोघांतच होतं ते. तुझ्यात आणि त्यांच्यात. म्हणून तर असं झालं."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हात पदराऐवजी चष्म्याच्या फडक्यालाच पुसत होत्या. "दुकान बंद केलं मी. ताटं घेते वर, चला." मग एकीकडून दुसरीकडे बघत, "काय झालं?"

"काही नाही," दादा म्हणाला. "बाबांचं बोलत होतो."

तो उठलाही. दिवा बंद करायला हात नेला. वहिनी वाट द्यायला बाजूला सरकल्या. आता जिना चढायचा, जेवायचं, भाजी छान झालीय म्हणायचं, चारची बस.

"काही नाही असं नाही," ती जागची न हलता म्हणाली. "वहिनी, बसा तुम्ही. दादा, सांग त्यांना. गुरुवारचं. मी सांगितलं तर तुझी बाजू माझ्याकडून नीट यायची नाही, आणि ती नीट यायला हवी."

"जेवण गार होईल."

"होऊ दे."

वहिनी बसल्या, गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीवर, डोळे तपासायला बसतात तशा, पाठ ताठ ठेवून. दादा उभाच राहिला. खूण सांगायची तर आधी बँड सांगायचा, चाल सांगायची. त्याला कुठून धरावं कळेना. ती मदतीला आली नाही.

"मी हॉस्पिटलात आत गेलो ना, त्या संध्याकाळी," तो म्हणाला, "तेव्हा बाबांनी मला बघितल्या बघितल्या..."

"झोपले होते म्हणाला होतास," वहिनी म्हणाल्या. "भेट झालीच नाही म्हणालास. घरी येऊन त्यावरून रडलास."

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"जागे होते," तो म्हणाला.